पाऊस आणि पत

मृग जवळ आला की गावात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. पाऊस कधी येणार? आणि सोसायटीचे कर्ज कधी मिळणार? पाऊस आभाळातून येतो. कर्ज कचेरीतून येते. वरवर पाहिले तर या दोहोंचा काही संबंध दिसत नाही. पण पाऊस बिघडला की कर्जही बिघडते. आणि अलीकडे पाऊस वरचेवर बिघडू लागला आहे.

आमच्या एका रात्रीच्या वर्गात एक काकू येतात. नुकत्याच वाचायला शिकल्या आहेत. एकदा त्यांनी पदराखालून एक घडी केलेला कागद काढला. म्हणाल्या, "गुरुजी, हा बँकेचा कागद हाय. आमच्या मालकांनी यावर अंगठा दिलाय. मला वाचून बघायचाय." आम्ही म्हणालो, "तुम्हीच वाचा." त्या एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागल्या. एका शब्दाशी अडल्या. पु-न-र्-ग-ठ-न. पुनर्गठन. "म्हंजी काय वो?" आम्ही अर्थ सांगितला. काकू बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आम्हांला वाटलं, कर्ज माफ झालं."

त्या कागदाची गोष्ट पुढे सांगूच. आधी मुळापासून पाहू.

पत म्हणजे काय?

दुकानदार एखाद्याला उधार देतो, दुसऱ्याला देत नाही. का? पहिल्याचे पैसे परत येतील असे त्याला वाटते, दुसऱ्याचे येतील असे वाटत नाही. या वाटण्यालाच पत म्हणतात.

बँकही असेच पाहते. बँकेकडचा पैसा तिचा स्वतःचा नसतो. कुणा शिक्षकाची ठेव असते, कुणा विधवेची पुंजी असते. तो पैसा तिला परत करायचा असतो. म्हणून कर्ज देताना ती तीन गोष्टी पाहते. जमीन कुणाच्या नावावर आहे? पीक कोणते आणि पाण्याची सोय काय? मागचे कर्ज वेळेवर फिटले का? पहिल्या दोन गोष्टी सातबाऱ्यावरून कळतात. तिसरी बँकेच्या वहीवरून कळते. आता ती वही फक्त त्याच बँकेची राहिलेली नाही. एका बँकेत कर्ज थकले की त्याची नोंद कर्जाची माहिती ठेवणाऱ्या कंपनीकडे जाते. मग दुसऱ्या बँकेतही ती दिसते. लोक या नोंदीला 'सिबिल' म्हणतात.

पीककर्ज हे एका हंगामाचे कर्ज असते. एकरी किंवा हेक्टरी किती द्यायचे, त्याचा दर पिकावर ठरतो. उसाला जास्त, ज्वारी-बाजरीला कमी. खरिपाचे कर्ज बहुधा ३१ मार्चच्या आत फेडायचे असते. महाराष्ट्रात ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राच्या आणि राज्याच्या सवलती मिळून व्याज शून्यावर येते. मुदत चुकली की ही सवलत जाते.

म्हणजे सगळा खेळ एका गोष्टीवर उभा आहे. जूनमध्ये पेरले ते दिवाळीच्या आसपास हाती यावे, विकले जावे, आणि मार्चच्या आत पैसा परत जावा. पाऊस वेळेवर पडेल असे धरूनच हे वेळापत्रक आखलेले आहे. ते आखले तेव्हा पाऊस तसा पडतही होता.

पूर्वी काय होते?

पूर्वी सगळे ठीक होते असे मात्र कुणी समजू नये. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे जाळली. ते लोण पुणे आणि नगर या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत गेले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला वेगळा कायदा करावा लागला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरी पुढे १९५१-५२ साली देशभर पाहणी झाली, तेव्हा काय आढळले? शेतकऱ्याने काढलेल्या शंभर रुपयांतले सुमारे ७० रुपये सावकाराचे होते. सोसायटीचे जेमतेम ३ रुपये होते.

मग सोसायट्या वाढल्या. १९६९ साली मोठ्या बँका सरकारने ताब्यात घेतल्या. १९८२ साली नाबार्ड निघाली. १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड आले. सावकाराच्या दारातून बँकेच्या दारात यायला शेतकऱ्याला शंभर वर्षे लागली. आता भीती आहे ती याची, की बिघडलेला पाऊस त्याला पुन्हा मागच्या दारी ढकलील.

पाऊस कसा बदलला?

दुष्काळ नवे नाहीत. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. म्हणून एखादे वर्ष वाईट गेले की लगेच "हवामान बदलले" म्हणणे बरोबर नाही. पण वर्षांमागून वर्षे मांडून पाहिली की फरक दिसतो.

मराठवाड्याचेच पाहा. २०१२-१३ साली दुष्काळ. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट. २०१४ आणि २०१५ ला पुन्हा अवर्षण, इतके की २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१८ ला दुष्काळ. २०१९ ला सुगीच्या तोंडावर अवकाळी. २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि २०२५ च्या सप्टेंबरात एवढा पाऊस झाला की नदीकाठच्या शेतांतली मातीच खरवडून गेली. एका पिढीत एकदोनदा येणारी संकटे एका कर्जाच्या मुदतीत दोनदा येऊ लागली.

असे का होते? कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने जो वायू निघतो तो हवेत साठतो. तो पृथ्वीवर घोंगडीसारखा पांघरला जातो. उष्णता आत कोंडते. हवा तापते. तापलेली हवा पाणी जास्त धरून ठेवते. एक अंश तापली तर सुमारे ७ टक्के जास्त. पखाल मोठी झाली असे समजा. मोठी पखाल भरायला वेळ लागतो, म्हणून मधे पावसाची ओढ बसते. आणि ती मोकळी होते तेव्हा एकदम होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतर शास्त्रज्ञांबरोबर १९५० ते २०१५ पर्यंतच्या पावसाचा हिशेब मांडला. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग या काळात तिपटीने वाढले, असे त्यांना दिसले. वर्षाचा एकूण पाऊस मात्र तेवढा वाढलेला नाही. पावसाचे दिवस चुकले आणि मोजमाप बिघडले.

तात्यांचा हिशेब

आता एक हिशेब करू. समजा, एक शेतकरी आहे. आपण त्याला तात्या म्हणू. आकडे सोयीचे घेतले आहेत, पण असे तात्या प्रत्येक गावात आहेत.

तात्यांची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. सोसायटीकडून त्यांनी ८०,००० रुपये पीककर्ज घेतले. सोयाबीन पेरले. पाऊस आला आणि गेला. तीन आठवडे फिरकला नाही. मोड करपले. दुबार पेरणी आली. कर्ज मिळाले होते एका पेरणीचे. दुसऱ्या पेरणीला सोसायटी काही देत नाही. म्हणून तात्यांनी बियाण्याच्या दुकानातून १५,००० रुपयांचा माल उधारीवर आणला. दर ठरला शेकडा ३ रुपये.

इथे जरा थांबा. "शेकडा ३" ऐकायला थोडे वाटते. पण हे ३ रुपये महिन्याचे आहेत. वर्षाचे ३६ रुपये झाले. बँक ७ टक्के म्हणते ते वर्षाचे असते. ३ हा आकडा ७ पेक्षा लहान दिसतो, पण तो पाचपट मोठा आहे. दर सांगितला की "महिन्याचा का वर्षाचा?" हे आधी विचारावे. आम्ही वर्गात हे उदाहरण फळ्यावर मांडतो, तेव्हा दर खेपेला कुणीतरी डोक्याला हात लावतो.

पुढे काय झाले? दुसरी पेरणी उगवली. बरी आली. काढणीला आली आणि चार दिवस पाऊस लागला. शेंगांना झाडावरच कोंब फुटले. माल डागी झाला, भाव पडला. हातात आले ५०,००० रुपये. सहा महिन्यांच्या व्याजासकट दुकानाचे झाले १७,७००. दुकानदार रोज दारात येतो, म्हणून आधी त्याचे फेडले. राहिले ३२,३००. त्यात घरखर्च, पोरीची शाळा, दवाखाना. ३१ मार्च आला आणि गेला.

आता सोसायटीच्या वहीत तात्या थकबाकीदार झाले. शून्य व्याजाची सवलत गेली. ७ टक्केच धरले तरी वर्षाचे ५,६०० रुपये चढले, आणि मुदतीनंतर बँकेचा नेहमीचा दर लागतो, तो याहून जास्त असतो. जूनमध्ये तात्या सोसायटीत गेले. सचिव म्हणाले, "तात्या, मागचं भरल्याशिवाय नवीन देता येत नाही."

काही जण अशा वेळी 'नवं-जुनं' करतात. म्हणजे कुणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे उचलायचे, सोसायटीचे जुने कर्ज भरायचे, नवे काढायचे आणि पहिल्याचे देऊन टाकायचे. वहीत सगळे छान दिसते. कर्ज मात्र होते तिथेच राहते. शिवाय त्या पंधरा दिवसांचे व्याज वेगळे. वर्षानुवर्षे हे चालते, आणि ज्या वर्षी सोसायटी नवे कर्ज द्यायला उशीर करते, त्या वर्षी माणूस मधेच लटकतो.

तात्यांनी तेही केले नाही. ते खाजगी सावकाराकडे गेले. ८०,००० रुपये, शेकडा ३ ने, जून ते फेब्रुवारी. नऊ महिन्यांचे व्याज २१,६०० रुपये. तेच पैसे सोसायटीकडून मिळून वेळेवर फिटले असते तर व्याज शून्य होते. पावसाने एका वर्षी पीक नेले. पत गेल्याने दुसऱ्या वर्षी २१,६०० रुपये गेले. हे दुसरे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

सगळ्यांचे एकदम

तात्यांचा शेजारी प्रामाणिक आहे. बैल विकून त्याने मार्चच्या आत कर्ज भरले. त्याला तरी नवे कर्ज वेळेवर मिळाले का? नेहमी मिळतेच असे नाही. सोसायटीला पैसा जिल्हा बँक देते. ज्या सोसायटीची वसुली कमी, तिच्या पैशावर बँक मर्यादा घालते. मग भरणाऱ्यालाही ताटकळावे लागते.

गावातल्या एकाची म्हैस मेली, एकाच्या घरात आजारपण आले, तर बाकीच्यांच्या जोरावर सोसायटी तरून जाते. सहकार उभा आहे तो यावरच. पण दुष्काळ एकाच्या रानात पडत नाही. तो तालुक्यात पडतो. पूर एका घरात शिरत नाही. सगळ्यांचे एकदम बुडाले तर कोण कुणाला सावरणार? वसुली थांबते, ठेवीदार घाबरतो, बँक हात आखडते. नेमकी ज्या वर्षी पैशाची जास्त गरज, त्याच वर्षी पैसा आटतो. विहिरीसारखेच हे आहे. भर उन्हाळ्यात, जेव्हा तहान जास्त, तेव्हाच तळ दिसतो.

शिवाय बँक पाण्याकडे पाहते. ज्याच्याकडे कालवा आहे, ऊस आहे, त्याचे पैसे कारखान्याच्या बिलातून कापून घेता येतात. त्याला कर्ज सुखाने मिळते. कोरडवाहूवाला मागे राहतो. आम्हांला हे पटत नाही. ज्याच्यावर आभाळाचा कोप जास्त त्याला आधार जास्त हवा. पण बँकेचा हिशेब असा चालतो खरा.

बागेच्या कर्जाची आणखी वेगळी कथा. मोसंबीची बाग लावायची तर फळ येईपर्यंत पाच वर्षे जातात. कर्ज लांब मुदतीचे असते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना भागातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा वाळल्या. शेतकऱ्यांनी टँकरने पाणी घालून पाहिले, शेवटी कुऱ्हाड लावली. झाड मेले, कर्ज जिवंत राहिले. बोअरचेही तसेच. पाणी लागले नाही तरी हप्ता लागतो. आणि २०२५ सारखी मातीच वाहून गेली तर? सातबाऱ्यावर जमीन आहे, बोजा आहे, पण रानात दगडगोटे आहेत. त्या तारणाला कोण विचारणार?

बँकेनंतर कोण?

बँकेचे दार लागले म्हणजे माणूस कर्ज घ्यायचे थांबतो असे नाही. तो दुसरे दार ठोठावतो.

एक दार सावकाराचे. सावकारी करायला परवाना लागतो. महाराष्ट्राचा २०१४ चा कायदा तसे सांगतो. बिनपरवाना सावकार कागदावर कर्ज लिहीत नाही. तो जमिनीचे खरेदीखत करून घेतो. तोंडाने सांगतो, "पैसे फेडले की परत करीन." कागद मात्र विक्रीचा असतो. अशा कागदावर सही करू नये. झाली असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. चौकशीत सावकारीतून जमीन गेल्याचे ठरले तर ती परत मिळण्याची सोय कायद्यात आहे.

दुसरे दार मुकादमाचे. बीड भागातली माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. जाण्याआधी मुकादम उचल देतो. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि उचल कोयत्यावर ठरते. उचल म्हणजेही कर्जच आहे. पण ते पैशाने फिटत नाही, अंगाने फिटते. पाऊस गेला, सोसायटीने हात वर केले, की उचल घ्यावी लागते. मग थंडीत पहाटे फडात उतरावे लागते. पोरांची शाळा सुटते. सहा महिन्यांत उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. आम्ही कर्जाविषयी बोलतो तेव्हा लोक बँक आणि सावकार एवढेच धरतात. उचल कुणी मोजत नाही. ती मोजायला हवी.

आणि ज्याला बँकेचे दार कधीच उघडले नाही, तो? बटईने किंवा ठोक्याने शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नाही. म्हणून कर्ज नाही, विम्याला अडचण, अनुदान आले तर ते मालकाच्या खात्यात. नुकसान मात्र कसणाऱ्याचे. बायकांचेही तेच. रान बाईने राबवायचे आणि नाव पुरुषाचे. तो गेला की वारसनोंद होईपर्यंत तिला नवे कर्ज मिळत नाही, जुने मात्र मागायला येतात. बचत गटातून थोडे कर्ज मिळते. ते कामाला येते, पण पेरणीला पुरतेच असे नाही.

सरकारी आधार

पीक बुडाले तर कर्जाचे पुनर्गठन करता येते. पुनर्गठन म्हणजे कर्जाची नव्याने मांडणी. माफी नव्हे. एका हंगामात फेडायचे कर्ज काही वर्षांच्या हप्त्यांत फेडायचे. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली नैसर्गिक आपत्तीविषयीचे नियम एकत्र करून बँकांना दिले. त्यांत असे होते: नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर २ वर्षांपर्यंत मुदत, ५० टक्के किंवा जास्त असेल तर ५ वर्षांपर्यंत. त्यात पहिले किमान एक वर्ष हप्ता नाही. आणि नव्या हंगामाला नवे कर्ज. असे कर्ज थकीत धरायचे नाही. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून आज काय लागू आहे ते शाखेत विचारून घ्यावे.

या सोयीत अडचणीही आहेत. सरकारने गाव आपत्तीग्रस्त म्हणून जाहीर करावे लागते. आपल्याकडे त्याला जुना शब्द आणेवारी, आता पैसेवारी. ५० पैशांहून कमी पैसेवारी लागली की टंचाईच्या सवलती मिळतात. २०१६ नंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतली ओल, पिकाची वाढ, असे आणखी निकषही पाहतात. हे सारे होईपर्यंत महिने जातात. मुदत संपण्याआधी पुनर्गठन झाले तर ठीक. उशीर झाला की माणूस आधीच थकबाकीत गेलेला असतो. शिवाय सवलतीचे व्याज बहुधा पहिल्या वर्षापुरते असते. पुढे नेहमीचा दर. आणि तीन वर्षांत दुसऱ्यांदा पीक बुडाले तर? जुना हप्ता, नवे कर्ज, दोन्ही एकदम अंगावर येतात. हप्ते पाडून दिले की मधली वर्षे चांगली जातील, असे धरून हा नियम केला आहे. मधली वर्षेच आता चांगली जात नाहीत.

कर्जमाफीही झाली. २००८ साली केंद्राने केली, २०१७ आणि २०१९ साली राज्याने केली. ज्यांना मिळाली त्यांचा श्वास मोकळा झाला. पण माफीची वाट पाहत हप्ता थांबवणारे फसतात. माफी कधी येईल, कुणाला बसेल, कितीपर्यंत बसेल, हे आधी कुणालाच ठाऊक नसते. थकबाकीची नोंद मात्र त्या दिवसापासून होते.

आता विमा. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ साली सुरू झाली. खरिपाच्या धान्यपिकाला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याचा. २०२० पासून कर्जदारालाही विमा ऐच्छिक आहे. महाराष्ट्रात २०२३ साली एक रुपयात विमा झाला. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. त्याच वेळी राज्याने भरपाई पीककापणी प्रयोगावर ठेवली. म्हणजे त्या खरिपात तुमच्या एकट्याच्या रानात पाणी साचले म्हणून भरपाई नव्हती. सगळ्या महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न घटले तर भरपाई.

हा हिशेब कसा चालतो? मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सरासरी काढतात. तिचे काही टक्के, समजा ७०, धरतात. तो झाला उंबरठा. सरासरी ८ क्विंटल असेल तर उंबरठा ५.६ क्विंटल. यंदा मंडळात ५ क्विंटल पिकले. तुम्ही म्हणाल, ३ क्विंटल बुडाले. विमा म्हणतो, उंबरठ्यापासून ०.६ बुडाले. ५० हजारांच्या विम्यावर भरपाई सुमारे ५,३५७ रुपये. आणि वाईट वर्षे वरचेवर येऊ लागली तर ती सरासरीच खाली येते. सरासरी ६ झाली तर उंबरठा ४.२. मग ५ क्विंटल पिकूनही भरपाई शून्य. पाऊस जितका बिघडेल तितका विमा आखडेल, अशी ही रचना आहे. तरी विमा काढू नये असे आम्ही म्हणत नाही. सगळेच बुडाले त्या वर्षी तो उपयोगी पडतो. पण त्याच्या भरवशावर कर्जाचा हिशेब बसवू नये.

हाताशी ठेवायचे कागद

नुकसान झाले की त्याच दिवशी तलाठ्याला, कृषी सहायकाला कळवावे. पंचनाम्यात आपले नाव, गट नंबर आणि पीक बरोबर लिहिले का ते पाहावे. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद झालेली असावी. पेरले सोयाबीन आणि नोंद तुरीची, असे झाले तर पुढे सगळेच अडते. पुनर्गठन हवे असेल तर मुदत संपण्याआधी लेखी अर्ज द्यावा. अर्जाची दुसरी प्रत काढून तिच्यावर शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. याला पोच म्हणतात. तोंडी बोलण्याची पोच मिळत नाही. अनुदान खात्यात आले की बँकेने ते कर्जात वळते केले का, ते पासबुकात पाहावे. तसे करू नये असे आदेश सरकार वेळोवेळी देते. २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला वेगळे तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२५ पासून आहे. कुणी मागितले तर कारण विचारावे. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा कधीच नको.

काकूंचा कागद

आता काकूंची गोष्ट. एका दुष्काळी वर्षी त्यांच्या मालकांनी त्या कागदावर अंगठा दिला होता. कुणीतरी सांगितले, "तुमचं कर्ज बदलून दिलंय, आता काळजी नाही." घरी त्याचा अर्थ माफी असा झाला. दोन वर्षे कुणी हप्ता भरला नाही. तिसऱ्या वर्षी मालक नवे कर्ज मागायला गेले तेव्हा कळले, की आपण थकबाकीदार आहोत. तोवर त्यांनी बियाणे उधारीवर आणलेले होते.

कागद वाचून झाल्यावर दोघे बँकेत गेले. काकूंनी खात्याचा उतारा मागितला. घरी आणून वर्गात मांडला. आम्ही एकेक ओळ पाहिली. पहिल्या वर्षी हप्ता नाही असे कागदावर लिहिले होते. उताऱ्यात मात्र पहिल्याच वर्षी हप्ता थकल्याची नोंद होती आणि त्यावर जादा व्याज लावलेले होते. काकूंनी अर्ज लिहिला. अक्षर वेडेवाकडे आहे, पण त्यांचे स्वतःचे आहे. शाखेतल्या साहेबांनी अर्ज ठेवून घेतला आणि म्हणाले, "बघतो." काकू म्हणाल्या, "साहेब, पोच द्या."

ती पोच त्यांनी वर्गाच्या वहीत ठेवली आहे. हा धडा छापायला देईपर्यंत बँकेचे उत्तर आलेले नव्हते.